एकवीस हजारांचा उंबरठा

वर्षाला २१,००० रुपये. महिन्याला १,७५० रुपये. दिवसाला साधारण सत्तावन्न रुपये. ठाणे-कल्याण परिसरात एका माणसाचे दोन वेळचे साधे जेवण, दूध आणि गॅसचा खर्च या रकमेत भागत नाही, हे आपल्या घरातील प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. तरीही संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज करणाऱ्या विधवा भगिनीचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत नसेल, तर तिला प्रथम हेच सिद्ध करावे लागते की, तिच्या संपूर्ण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न या २१,००० रुपयांच्या आत आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. या एका कागदापाशी अनेक भगिनींची वाट अडते.

वाचक भगिनी-बंधूंनो, हा विषय आपल्या व्यापारी कुटुंबांचा नव्हे, असे वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे दुकान असते, पेढी असते, पाठीशी भाऊबंद असतात. परंतु बँकेच्या नोकरीत अनेक खाती पाहिल्यावर एक गोष्ट मनावर ठसली. नोकरदाराचे कुटुंब कर्त्या पुरुषामागे निवृत्तिवेतनावर किंवा भविष्यनिर्वाह निधीवर काही काळ तरी उभे राहते. छोट्या व्यापाऱ्याचे कुटुंब त्याच्यामागे केवळ उधारीच्या वह्यांवर उभे असते, आणि वह्यांतील येणे फार लवकर आटते, देणे मात्र आटत नाही.

ही योजना राज्यात १९८० मध्ये, बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. अठरा ते पासष्ट वर्षे वयाच्या निराधार व्यक्ती, विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित महिला, दिव्यांग, दुर्धर आजाराने ग्रस्त रुग्ण यांच्यासाठी ती आहे. अर्जदार राज्यात किमान पंधरा वर्षे राहत असावा लागतो. पासष्टीनंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. अनुदानाची रक्कम २०१९ मध्ये महिना १,००० रुपये झाली आणि जुलै २०२३ पासून १,५०० रुपये. रक्कम काळाबरोबर थोडी वाढली, उत्पन्नाची मर्यादा मात्र दशकाहून अधिक काळ २१,००० रुपयांवरच राहिली. मंजूर अनुदानाचे वर्षाचे १८,००० रुपये होतात, म्हणजे ते अनुदान मिळण्याच्या मर्यादेच्या जवळजवळ पोहोचतात. या आकड्यात भाववाढीला कोठेही स्थान नाही, हे सांगण्यास वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही.

माझ्या परिचयातील एका भगिनीचे प्रकरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून गाव, कार्यालय आणि नातीगोती मोघम ठेवतो. त्यांचे पती कापडाची दलाली करीत. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. मागे या भगिनी आणि शाळकरी मुलगी. साड्यांना फॉल-पिको करून आणि सणावारी खाखरे करून मिळेल तेवढ्यावर घर चालू लागले. भाड्याच्या खोलीचे भाडे त्यांचे धाकटे बंधू परस्पर घरमालकाला देत.

त्यांचा पहिला वाद पतीच्या मृत्यूच्या कारणाचा होता. चाचणीचा अहवाल करोनाचा, पण रुग्णालयाच्या कागदावर कारण न्यूमोनिया. त्या काळी देशभर असंख्य कुटुंबे याच पेचात होती. सर्वोच्च न्यायालयात गौरवकुमार बन्सल यांच्या याचिकेवर ३० जून २०२१ रोजी निकाल झाला आणि मृतांच्या कुटुंबीयांना किमान साहाय्य देण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे आखण्याचा आदेश राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला मिळाला. त्यानंतर ५०,००० रुपयांची रक्कम ठरली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, केवळ मृत्युप्रमाणपत्रावर करोना असे लिहिलेले नाही या एकाच कारणाने कोणत्याही राज्याने साहाय्य नाकारू नये. तक्रार असल्यास जिल्हा पातळीवरील समितीने कागदपत्रे पाहून निर्णय द्यावा आणि अर्जानंतर तीस दिवसांत रक्कम द्यावी, अशीही व्यवस्था झाली. या भगिनींना समितीपुढे जावे लागले, पण पन्नास हजार रुपये त्यांच्या खात्यात जमा झाले. कायदा नेमका ठाऊक असला की सामान्य माणसाचे काम होते, याचे हे उदाहरण.

दुसरा वाद मात्र याच जमा नोंदीतून उभा राहिला. पुढे त्यांनी निराधार योजनेसाठी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज केला. स्वयंघोषणापत्रात मागील आर्थिक वर्षाचे उत्पन्न १९,२०० रुपये लिहिले. कार्यालयाने तीन हरकती काढल्या. पहिली, त्यांच्या नावाने पूर्वी आयकर विवरणपत्र भरलेले होते आणि त्यात शिलाई व कमिशन मिळून दोन लाखांहून अधिक उत्पन्न दाखविलेले होते. दुसरी, खातेपुस्तकात ५०,००० रुपयांची जमा दिसते. तिसरी, भाडे भाऊ भरतो, म्हणजे तेही उत्पन्नच. टेबलावरील कर्मचाऱ्याने वर सल्लाही दिला, "ताई, दीड हजारात इथं कोण राहतं? साठ हजार लिहा, उद्या दाखला घेऊन जा." साठ हजारांचा दाखला हाती येताच त्या योजनेतून कायमच्या बाहेर पडल्या असत्या.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, "काका, पैसे नाही मिळाले तरी चालेल, पण मी खोटं बोलले असं कागदावर राहायला नको." रागावलेला माणूस शांत होतो, पण अप्रामाणिक ठरविलेला माणूस आतून खचतो. त्यांच्या बोलण्यात तेच दुःख होते.

या तीनही हरकतींकडे जमाखर्चाच्या दृष्टीने पाहू, कारण असे प्रश्न कोणत्याही घरात येऊ शकतात.

आयकर विवरणपत्राचे मूळ आपल्या सवयीत आहे. व्यापारी घरांत पत्नीच्या नावे शिवणकाम, शिकवणी किंवा कमिशन दाखवून विवरणपत्र भरण्याची प्रथा जुनी आहे. घरकर्जासाठी संयुक्त उत्पन्न दाखवावे, थोडा कर वाचावा, पत्नीच्या नावावर चार पैसे 'पांढरे' व्हावेत, असे हेतू असतात. ज्या स्त्रीने शिलाईयंत्राला हात लावलेला नसतो ती कागदोपत्री वर्षाला दोन-अडीच लाख मिळविते. पती असेपर्यंत कोणाचे काही अडत नाही. तो गेल्यावर मात्र तोच कागद तिच्याविरुद्ध साक्ष देतो. या भगिनींच्या बाबतीत बचावाचा मुद्दा एकच आणि सरळ होता. दाखला मागील आर्थिक वर्षाचा मागितला आहे, विवरणपत्र त्याही आधीच्या वर्षांचे आहे, आणि ज्या व्यवसायाचे ते उत्पन्न म्हटले जाते तो व्यवसाय पतीच्या मृत्यूबरोबर बंद झाला. मागील वर्षाच्या नफ्यावरून यंदाचा नफा ठरविता येत नाही, हे प्रत्येक दुकानदार जाणतो.

दुसरी हरकत भांडवली जमा आणि महसुली जमा यांतील फरक विसरल्यामुळे आली. वाणिज्याच्या पहिल्याच वर्षी तो शिकवितात. दुकान विकून आलेली रक्कम ही त्या वर्षाची विक्री नव्हे. तसेच कर्त्या माणसाच्या मृत्यूबद्दल एकदाच मिळालेले साहाय्य हे वार्षिक उत्पन्न नव्हे. ते दर वर्षी येणार नाही, आणि येऊ नये अशीच आपण प्रार्थना करतो.

तिसरी हरकत अधिक विचार करावयास लावणारी आहे. बंधूने भरलेले भाडे, नातलगांनी दिलेले धान्य, समाजाच्या ट्रस्टने भरलेली मुलीची फी, हे सारे उत्पन्न मानायचे काय? आयकर कायदासुद्धा सख्ख्या भावाकडून मिळालेली रक्कम बहिणीचे करपात्र उत्पन्न मानत नाही. शिवाय मदत ही देणाऱ्याच्या इच्छेवर असते. उद्या बंधूंचा धंदा मंदावला किंवा घरात कटुता आली, तर ती थांबते, आणि ती मागण्याचा हक्क बहिणीला नसतो. आधार दिल्यामुळे ती निराधार राहिली नाही असे म्हणू लागलो, तर मदत करणाऱ्या भावानेच बहिणीचा हक्क बुडविला असा अर्थ होईल.

मात्र मदत लपवूही नये. आम्ही निवेदनात ती स्वतंत्रपणे लिहिली: स्वतःच्या श्रमाचे उत्पन्न इतके, बंधूंनी घरमालकास परस्पर दिलेले भाडे इतके, एकरकमी शासकीय साहाय्य इतके. सोबत बंधूंचे पत्र, घरमालकाची पावती आणि फॉल-पिकोचे काम देणाऱ्या दोन दुकानदारांची पत्रे जोडली. आकडे वेगवेगळ्या रकान्यांत मांडले की वाचणाऱ्या अधिकाऱ्यालाही निर्णय देणे सोपे जाते. संशय बहुधा एकत्र मिसळलेल्या आकड्यांतून निर्माण होतो.

आता कायद्याची बाजू. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा कायदा प्रत्येक घरात माहीत असावा. अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे, आणि उत्पन्नाचा दाखला ही अशीच एक सेवा आहे. अर्जाची पोच मिळाली पाहिजे. सेवा नाकारायची असेल, तर कारण लेखी नोंदवून अर्जदाराला कळविले पाहिजे. नकार मिळाला किंवा मुदत उलटली, तर तीस दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रथम अपील करता येते. त्यानंतर द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तृतीय अपील. सबळ कारणाविना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्या भगिनींनी तोंडी सल्ला स्वीकारला नाही. "जे काही असेल ते लेखी द्या," एवढेच त्या नम्रपणे म्हणत राहिल्या. लेखी नकार मिळाला आणि त्यातून अपिलाचा मार्ग मोकळा झाला.

वरिष्ठ अधिकाऱ्याने पहिल्या दोन हरकती सुनावणीतच बाजूला ठेवल्या आणि तिसऱ्यासाठी गृहचौकशीचा आदेश दिला. चौकशीस आलेल्या कर्मचाऱ्याने खोली पाहिली, शिलाईयंत्र पाहिले, शेजाऱ्यांचे जबाब घेतले. १९,२०० रुपयांचाच दाखला मिळाला आणि पुढे समितीने अनुदान मंजूर केले. अर्जापासून मंजुरीपर्यंत नऊ महिने गेले, आणि त्या महिन्यांचे अनुदान मिळाले नाही. हा विजय म्हणावा की नुकसान, हे ज्याने त्याने ठरवावे. त्या भगिनी मात्र दाखला हाती आला त्या दिवशीच समाधानी होत्या.

अधिकाऱ्यांच्या बाजूनेही दोन शब्द लिहिणे न्यायाचे ठरेल. बँकेत कर्जाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला त्यांची अडचण समजते. समोर येणारा प्रत्येक जण आपले उत्पन्न कमी सांगतो आहे, असा अनुभव त्यांना रोज येतो. आणि हा अनुभव त्यांना कोण देते? शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के राखीव प्रवेशासाठी आर्थिक दुर्बल घटकाला एक लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे. स्वतःचे दुकान आणि दारात गाडी असलेल्या पालकांनी त्या मर्यादेतले दाखले मिळविल्याच्या कथा आपण लग्नसमारंभात हसत हसत ऐकतो. त्या हसण्याची किंमत रांगेत पाठीमागे उभी असलेली विधवा मोजते. शंभर खोटे दाखले पाहिलेल्या माणसाला एकशे एकावा खरा दाखलाही खोटा वाटतो. बनावट नोट चलनात आली की खरी नोटही लोक उजेडात धरून पाहू लागतात. आपल्या घरात, आपल्या पेढीत असा एखादा दाखला नाही ना, हे प्रत्येकाने आपल्याशीच तपासावे.

धोरणकर्त्यांपुढेही एक प्रश्न ठेवावासा वाटतो. एकाच शहरात गरिबी मोजण्याची किती मापे असावीत? शहरी कुटुंबाला पिवळी शिधापत्रिका १५,००० रुपयांपर्यंत. निराधार अनुदान २१,००० पर्यंत. अन्नसुरक्षा योजनेतील प्राधान्य कुटुंबासाठी शहरी मर्यादा ५९,०००. केशरी शिधापत्रिका एक लाखापर्यंत. आणि जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठी अडीच लाख. या शेवटच्या योजनेतही महिना १,५०० रुपयेच मिळतात, आणि पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असल्यास उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. म्हणजे तेच राज्य, तेच पंधराशे रुपये. पण निराधार म्हणून मागणाऱ्या स्त्रीला २१,००० चा उंबरठा आणि बहीण म्हणून मागणाऱ्या स्त्रीला अडीच लाखांचा. एका योजनेतून पंधराशे मिळत असतील, तर दुसरीतून मिळत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

त्या दुसऱ्या वाटेवरही विधवा भगिनींना ठेच लागलीच. २०२५ मध्ये लाभार्थींची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा पती किंवा वडील यांच्या आधार क्रमांकाची पडताळणी मागितली गेली. ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत, त्यांनी काय करावे? तक्रारी वाढल्यावर मुदत वाढविण्यात आली आणि अशा महिलांनी मृत्यूच्या दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यावी, अशी सोय करण्यात आली. नमुना तयार करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे विधवा नव्हती, एवढाच याचा अर्थ.

हा अनुभव केवळ शहरातला नाही. विदर्भ-मराठवाड्यात शेतकरी आत्महत्येनंतर २००६ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबास एक लाख रुपयांचे साहाय्य मिळते. पण प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे जिल्हा समिती ठरविते. जमीन कोणाच्या नावे होती, कर्ज कोणत्या संस्थेचे होते, या प्रश्नांची उत्तरे सातबाऱ्यावर शोधली जातात, आणि सातबाऱ्यावर बहुधा सासऱ्यांचे नाव असते. त्या शेतकरी स्त्रीचा सातबारा आणि आपल्याकडील स्त्रीचे आयकर विवरणपत्र, दोन्ही कागद पुरुषांनी आपल्या सोयीने केलेले. उत्तर देण्यासाठी मात्र ती एकटी मागे राहते.

आता काही व्यावहारिक सूचना. आपल्या भागात तीन वेगवेगळी दारे आहेत आणि पुष्कळ भगिनी चुकीच्या दारी चकरा मारतात. मृत्यूचा दाखला महापालिकेकडून, म्हणजे ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली महापालिकेकडून मिळतो. उत्पन्नाचा दाखला आणि निराधार योजना हे तहसीलदारांकडील, म्हणजे महसूल खात्याचे काम आहे. डोंबिवली ही कल्याण तालुक्यातच येते. शिधापत्रिकेतील नाव कमी करणे आणि कुटुंबप्रमुख बदलणे हे शिधावाटप कार्यालयाचे काम. पतीचे निधन गुजरातेत किंवा राजस्थानात मूळ गावी झाले असेल, तर मृत्यूची नोंद तेथेच होते; तिची साक्षांकित प्रत त्याच वेळी चार-पाच जास्त घ्यावी.

नावांची एकवाक्यता हा आपल्या कुटुंबांतील मोठा घोटाळा. आधारवर 'जयश्रीबेन', बँकेत 'जयश्री', शिधापत्रिकेवर माहेरचे नाव; आडनाव एका ठिकाणी 'शाह', दुसरीकडे 'शहा'. पती हयात असताना या दुरुस्त्या एका दुपारचे काम असतात. नंतर त्याच दुरुस्त्यांना महिने लागतात.

उत्पन्न, रहिवास, जात अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे आणि २०१५ पासून बहुतेक ठिकाणी साधे स्वयंघोषणापत्र चालते. तेव्हा 'स्टँप पेपर आणा' म्हणणाऱ्या दलालास हात जोडून नमस्कार करावा. अर्ज कोठे अडला आहे, हे माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येते आणि तीस दिवसांत उत्तर मिळावे अशी तरतूद आहे. आणि कोणत्याही परिस्थितीत उत्पन्नाचा आकडा दुसऱ्याला भरू देऊ नये. कोऱ्या अर्जावर सही ही कोऱ्या धनादेशावरील सहीइतकीच धोक्याची आहे.

दुकानदार बंधूंना एक विनंती. आपल्याकडे घरबसल्या काम करणाऱ्या भगिनी असतील, तर त्यांना प्रत्यक्ष दिलेल्या मजुरीचे पत्र मागताच द्यावे. आकडा खरा असावा. वाढवूही नये आणि दयेपोटी घटवूही नये. पुष्कळ दुकानदार "उगाच कशाला कागदात अडका" म्हणून टाळतात. वरील प्रकरणात ज्या दोघांनी पत्रे दिली, त्यांना त्याचा कोणताही त्रास झाला नाही, आणि त्या दोन पत्रांवर एका घराचा निकाल बराचसा अवलंबून होता.

समाजाच्या ट्रस्टांनीही विचार करावा. आपण साधर्मिकांना धान्य देतो, फी भरतो, औषधे देतो. हे चालूच राहावे. त्याच्या जोडीला महिन्यातून एक दिवस तहसील कार्यालयात भगिनींच्या सोबत जाणारी दोन निवृत्त माणसे दिली, तर धान्याच्या पिशवीइतकेच ते मोलाचे होईल. सोबत कोणी असले की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप सौम्य होतो, आणि समोरच्याचाही.

मार्चअखेरचा हिशेब आता जवळ आला आहे. ताळेबंद जुळविताना पत्नीच्या नावे भरल्या जाणाऱ्या विवरणपत्रावर एकदा तिलाच बसवून नजर टाकावी. त्यात लिहिलेले उत्पन्न खरोखर तिचे आहे काय, तिच्या हाती येते काय, हे तिला विचारावे. येत नसेल, तर तो आकडा काढून टाकावा. पुढील अंकात बँकेतील नामनिर्देशन आणि कायदेशीर वारस यांतील फरक पाहू. त्याविषयी वाचकांचे प्रश्न आल्यास यथामती उत्तरे देईन.